एक जुलै

स्टॉक एक्स्चेंजचं पत्र दुपारी दोनला ईमेलवर आलं आणि आरतीचा डबा तसाच उघडा राहिला.

अर्जात प्रवर्तक पाच. त्यांतल्या चौघांची जन्मतारीख एक जुलै. वर्षं वेगळी, तारीख तीच. ही माणसं खरी असल्याचा मूळ पुरावा शुक्रवारपर्यंत सादर करावा, नाहीतर लिस्टिंगचा अर्ज परत पाठवण्यात येईल.

आरती कंपनीची सेक्रेटरी. हिवरखेडच्या पलीकडच्या एका लहानशा गावातल्या भाजीपाला पिकवणाऱ्या पाच जणांनी एका शेडमध्ये आल्याची आणि टोमॅटोची पावडर करायला सुरुवात केली होती. आता अकोल्यात कारखाना होता आणि कंपनी शेअर बाजारात उतरायला निघाली होती. पाचही जणांचे कागद खरे आहेत, असं प्रमाणपत्र आरतीच्या सहीनं जायचं होतं. ते खोटं निघालं तर लेक खुशी पोटात असताना रात्ररात्र वाचून मिळवलेला परवाना जाणार होता.

तिनं फाइल पुन्हा काढली. आजवर हजारदा पाहिलेले ते चार शाळेचे दाखले तिनं शेजारीशेजारी मांडले. चारही एकाच हातानं लिहिलेले. ‘जु’चा उकार तोच, शाईचा निळाही तोच.

त्या चौघांतले चेअरमन शालिकरामजी, त्यांना तिनं विचारलं तेव्हा ते आधी हसले. “मायले इचारलं होतं मी. ते म्हने, आखाजीच्या, म्हंजे अक्षयतृतीयेच्या, आगेमागे झाला. आता आखाजीची तारीख तुमच्या एक्स्चेंजले कशी सांगू, बेटा?”

मग मी शाळेतलं मूळ रजिस्टरच पाहून येते, असं ती म्हणाली आणि त्यांचं हसू विझलं. गावात काय ठेवलंय, कोर्टात जाऊन प्रतिज्ञापत्र करून टाकू, असं म्हणत ते उठले. बाकीच्या तिघांपैकी सत्यवतीबाईंनीही विषय बदलला. धर्मपालजींना एकाएकी मोटारपंप आठवला. माणिकबाई तर फोनच उचलेनात.

तिनं गावाला जाणं चौघांनाही नको होतं. का?

फाइलमध्ये एकच कागद असा होता की ज्याच्याकडे पाहून तिला धीर यायचा. अंकुरचा जन्मदाखला. नऊ मार्च एकोणीसशे चौऱ्याऐंशी, पहाटे चार वाजून दहा मिनिटं, गोल शिक्का. पाचवे संस्थापक महादेवराव दोन वर्षांपूर्वी वारले, त्यांच्या हिश्श्याला वारस सापडेना आणि अर्ज तिथंच अडला. मग सुरतेहून त्यांचा हा मुलगा आला आणि गाडी पुढं सरकली. “आमच्या मांडीवर वाढलं हे पोरगं,” असं चौघंही तेव्हा एका सुरात म्हणाले होते. अंकुर शुद्ध बोलायचा, कागद वेळेवर द्यायचा, खुशीसाठी चिकू आणायचा.

आत्ताही तोच तेवढा म्हणाला, “मॅडम, तुम्ही जाणारच असाल तर एकट्या कशाला? मी नेतो.”

गुरुवारी आरतीची आई परतवाड्याला लग्नाला गेलेली. म्हणून खुशीही सोबत आली, दुधाची बाटली, दोन लंगोट आणि चावून चपटा झालेला रबरी हत्ती घेऊन. वाटेत अंकुरच्या फोनवर शालिकरामजींचं नाव तीनदा उजळलं. तिन्ही वेळा त्यानं फोन कापला. फोनच्या नकाशातली बाई वळणं सांगत होती, तो वळत होता.

शाळेपाशी पोचेस्तोवर खुशी झोपलेली. “राहू द्या माझ्याकडे,” तो म्हणाला. “तुम्ही काम आटपा.” त्यानं तिला इतकं अलगद खांद्यावर घेतलं की तिची मूठसुद्धा उघडली नाही. आरतीला बरं वाटलं. या सगळ्यांत एक तरी माणूस आपल्या बाजूचा आहे.

मुख्याध्यापिकेनं कपाटातून रजिस्टरं काढली आणि शेजारून गावंडे गुरुजींना बोलावलं. गुरुजी ब्याऐंशीचे. अक्षर त्यांचंच होतं.

“मीच देलं साऱ्या गावाले एक जुलै,” ते म्हणाले. “शाळा तवा उघडे. पोरगं घेऊन बाप दारात उभा राहे, अन तारीख कोनालेच ठाऊक नसे. मंग सहा वर्सं मागं मोजाचे, अन लिहाची एक जुलै.”

त्यांनी एकेक नाव बोटानं दाखवलं. शालिकराम. सत्यवती. धर्मपाल. माणिक. चौघंही होते, खरेखुरे. एक हात, एक शाई, एक मास्तर. आरतीनं पानांचे फोटो काढले. त्या साध्या माणसांवर इतके दिवस संशय घेतला याची तिला लाज वाटली. जाताना सत्यवतीबाईंसाठी बांगड्या घ्यायचं तिनं मनाशी ठरवलंही.

प्रमाणपत्र पाच जणांचं होतं. म्हणून, निव्वळ पूर्णतेसाठी, तिनं महादेवरावांच्या अंकुरची नोंदही मागितली.

गुरुजींनी दुसरं रजिस्टर ओढलं. अंकुर महादेवराव, जन्म एक जुलै एकोणीसशे चौऱ्याऐंशी. त्याच्या बापालाही पहाटेची चार वाजून दहा मिनिटं आठवली नव्हती तर. आरतीला हसू आलं. मग तिला नावावरून गेलेली लाल रेघ दिसली.

“तिसरीत होता,” गुरुजी म्हणाले. “कैऱ्या पाडता पाडता विहिरीत गेला. शालिकराम, धर्मपाल उतरले काढाले. या दोघी बाया काठावर उभ्या होत्या. महादेवले मंग दुसरं लेकरू झालंच नाई.”

गुरुजींनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि खिडकीतून बाहेर, लिंबाखाली पाहिलं.

“बाई,” ते म्हणाले, “तुमच्या पोरीले घेऊन उभा हाय, तो कोन हाय?”