सामानापाशी कोणीतरी

"तू जाऊन ये. मी बसते सामानापाशी," असं म्हणून आई बुरुजाखालच्या दगडी बाकावर टेकलीसुद्धा.

लेकीने डोळे मिटून घेतले. हे वाक्य ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. घरच्या सहलीत सगळे धबधबा पाहून यायचे, आई पिशव्या पाहून यायची. सगळे होडीत बसायचे, आई चपलांजवळ बसायची. कोणी आग्रह केलाच तर म्हणायची, सामानापाशी कोणीतरी नको का? आणि ते कोणीतरी कायम तीच.

या खेपेला मात्र लेक हट्टाला पेटली होती. आठवडाभर राहून आई उद्या परत निघणार होती. नदीकाठच्या या किल्ल्याच्या बुरुजावरून नदीचं अख्खं वळण दिसतं, हे लेक फोनवर सांगून सांगून थकली होती. आज ते आईच्या डोळ्यांना दाखवायचं म्हणजे दाखवायचंच.

"सामान घेऊ नकोस, असं सकाळी घसा फोडून सांगितलं होतं मी."

"सामान कुठंय? एवढीशी तर पिशवी."

एवढीशी पिशवी अर्धा बाक अडवून बसली होती. तिच्यात स्वेटर होते, छत्री होती, टॉवेल होता, औषधं होती आणि चार माणसं जेवून उठतील एवढा डबा होता. दारावरच्या रखवालदाराने तिच्याकडे पाहूनच मान हलवली. जिना अरुंद, वर सामान न्यायचं नाही. सामान ठेवायला खोली होती, पण तिला कुलूप होतं आणि किल्लीवाला रजेवर होता.

"तुम्हीच बघा ना जरा," लेक त्याला म्हणाली.

"नको बाई. मागे एकांची छत्री गेली, ती माझ्या अंगावर आली."

"बघ," आई म्हणाली. कुलूप जणू देवानेच तिच्या बाजूने घातलं होतं.

"मग तू जा. मी बसते."

"मी? अगं, माझे गुडघे..."

"काय झालंय गुडघ्यांना? परवा लिफ्ट बंद होती तर माझ्याआधी वर पोचलीस."

"पण तुझं बघायचं राहील ना."

"मी ढीगभर वेळा पाहिलंय. आई, हात जोडते, जा. नाहीतर ही पिशवी उचलून नदीत सोडून देईन."

आई उठली. पिशवीची चेन तिने स्वतः ओढून पाहिली, पट्टा लेकीच्या मनगटाला गुंडाळला आणि कोणी वेळ विचारली तरी बोलू नकोस असं बजावून, वळून वळून बघत एकदाची जिन्यात शिरली.

लेक बसली. बाकाशेजारच्या फलकावर लिहिलं होतं, की पूर्वी या बुरुजावर पहारेकरी रात्रंदिवस नदीवर नजर ठेवून असत. आईने वाचलं असतं तर विचारलं असतं, त्यांच्या सामानापाशी कोण बसायचं?

तेवढ्यात एक जोडपं आलं. "ताई, इथेच आहात ना?" म्हणत बाबागाडी तिच्या पायाशी लावून, बाळाला काखेत मारून ते वर गेलं. एका गृहस्थांनी तर तेवढंही विचारलं नाही. हेल्मेट तिच्या मांडीशेजारी ठेवलं आणि चालू लागले. सामानापाशी बसलेल्या बाईला कोणी काही विचारत नाही, हे लेकीला नव्याने कळत होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या गृहस्थांचा राग आला, घरच्या सगळ्यांचा आला, आणि इतकी वर्षं मुकाट बसून राहिलेल्या आईचा तर सगळ्यात जास्त आला.

आता आई वर पोचली असेल. नदीच्या बाजूला मोठी खिडकी होती. तिथे उभी राहून आई नदी बघतेय, हे दृश्य चुकवायचं? आईचा सहलीतला एकही धड फोटो घरात नव्हता.

"गेलं सगळं चुलीत," लेक म्हणाली, पट्टा मनगटावरून सोडवला आणि बुरुजाला वळसा घालून नदीच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

मोबाइल वर धरून ती वाट पाहत राहिली. खिडकीत बाळ दिसलं. बाळाचे आईबाप दिसले. हेल्मेटवाल्या गृहस्थांनी तिला हातही केला. आईचा पत्ता नव्हता. लेकीची मान अवघडली. पाठीमागे नदी आपल्या वळणाने संथ चालली होती, आणि ती बघायला पाठवलेली बाई नेमकी कुठे अडकली होती कोण जाणे.

"अगं ए!"

लेक वळली. बुरुजाच्या कोपऱ्यावरून आई धापा टाकत येत होती. खांद्याला पिशवी, पुढे ढकलत आणलेली बाबागाडी, आणि बाबागाडीत हेल्मेट.

"कुठे गेली होतीस गं सगळं टाकून? लोकांचं सामान, आणि बाकावर कोणी नाही. वरून पाहिलं मी. तशीच खाली धावले."

"वरून? मी इथे खिडकीकडे डोळे लावून उभी आहे. तू नदी बघायला येशील म्हणून. एवढ्या वेळात तू नदी पाहिलीस की नाही?"

"नदी पलीकडच्या बाजूला होती."

"मग जायचं पलीकडे. कोणी धरून ठेवलं होतं?"

"तिकडून तू कुठे दिसतेस?" आई म्हणाली, आणि नदीकडे पाठ करून पिशवीची चेन नीट लागली आहे का ते पाहू लागली.