कपिलाची खोड

गाय वाळकं हाड चघळत होती. वैजनाथने ते तिच्या तोंडातून ओढून काढलं.

"नुसत्या मिठाने भागणार नाही," तो मालकिणीला म्हणाला. "इथल्या मातीत फॉस्फरस कमी, म्हणून गवतातही कमी. तो मिळवायलाच ही हाडं चघळते. तो मिसळलेलं मीठच चाटायला ठेवू."

ऑस्ट्रेलियातल्या त्या कुरणावर मांसासाठी पाळलेल्या चारशे गाईंचा तो डॉक्टर होता. त्या कशासाठी पाळल्यात, हे त्याने अहमदपूरला वडिलांना, अण्णांना, कधी सांगितलं नव्हतं.

लहानपणी घरची कपिलाही अशीच हाडं शोधत हिंडायची. खोड मोडावी म्हणून अण्णा तिला काठीने मारायचे. शेवटी सडक्या हाडाची विषबाधा होऊन ती गेली, तेव्हा अण्णा दोन दिवस जेवले नव्हते.

मालकीण गेल्यावर त्याने घरी फोन लावला. सहा वर्षांत त्याला गावी जाता आलं नव्हतं. अण्णा आता अंथरुणावरच असत आणि गोठाही रिकामा झाला होता.

"अण्णा, कपिलाला खोड नव्हती. चाऱ्यातून तिला काही गोष्टी मिळतच नव्हत्या."

"उगाच मारलं रे तिला," अण्णा म्हणाले. मग विचारलं, "गाई आहेत का जवळ? फोन धर त्यांच्याकडं."

वैजनाथने हात लांब केला. फोनमधून अण्णांची, संध्याकाळी गुरांना घराकडे बोलवायची लांबलचक हाक आली. आवाज मध्येच चिरकला, तरी त्यांनी ती पुरी केली.

एकाही गाईने मान वर केली नाही.

"आल्या का रे?"

"आल्या, अण्णा," वैजनाथ म्हणाला. "सगळ्या आल्या."