गुणवंतरावांचा उजवा डोळा

“पांढरा हाये. घ्या उतरवून,” गुणवंतराव म्हणाले, आणि गोदामातले हमाल जागच्या जागी थांबले. बिरजूने तर सवयीने ट्रकचा फाळका परत लावायला घेतला होता.

नागभीडकडच्या त्या सरकारी गोदामात अकरा वर्षं प्रत्येक मिलचा तांदूळ तपासनीस गुणवंतरावांच्या तळहातावरून पुढे जात असे. बहुतेक वेळा मागेच जात असे. ते मूठभर दाणे हातावर पसरत, उन्हात धरत आणि म्हणत, “पिवळा. वापस.” सगळ्यांत जास्त ट्रक परत गेले ते सुरेंद्रभाऊ मिलवाल्यांचे. सुरेंद्रभाऊंनी दिवाळीला काजूकतली पाठवली. ती त्याच डब्यात, त्याच दोऱ्याने बांधून परत गेली. मग पैठणी आली. ती सुगंधाबाईंनी एकदा खांद्यावर टाकून पाहिली, नंतर तीही गेली. असा इमानदार माणूस दोन तालुक्यांत नाही, असं लोक म्हणत. गुणवंतरावांचं मतही फारसं वेगळं नव्हतं.

आणि आज त्याच सुरेंद्रभाऊंचे चार ट्रक एका सकाळी पास झाले.

दुपारी बातमी हापशीवर पोचली, संध्याकाळी घरात आली.

“काय घेतलं जी तुमी त्याच्यापासून?” सुगंधाबाईंनी ताट वाढताना विचारलं.

“चहा बी नाई घेतलो.”

“असंच कराचं होतं त पैठणी काऊन वापस केली?”

गुणवंतराव जेवले नाहीत. अकरा वर्षांचं नाव एका सकाळी गेलं होतं, तेही काही न घेता. बदल म्हणावा तर एकच झाला होता. पंधरा दिवसांपूर्वी फुकटच्या शिबिरात त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रुमालात मूठभर तांदूळ बांधला आणि शिबिराच्या डॉक्टरांना गाठलं.

डॉक्टर तरुण होते, नागपूरचे. “बाबा, उजवा डोळा झाका. तांदूळ कसा दिसतो?”

“पिवळा.”

“आता डावा झाका.”

“पांढरा.”

तांदूळ तोच होता.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळ्यातलं भिंग प्रथिनांचं असतं. त्याच्या मधली प्रथिनं आईच्या पोटातच घडतात, आणि शरीर ती पुन्हा कधी बदलून देत नाही. वय वाढतं तशी ती एकमेकांना चिकटतात, पिवळी पडतात, शिजत्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गढूळ होतात. “हे इतकं हळू होतं, की ज्याचा डोळा त्यालाच कळत नाही. तुमचं दहाएक वर्षं तरी चालू असेल. उजव्या डोळ्यातलं ते भिंग काढून आम्ही नवं बसवलं.”

गुणवंतरावांना लहानू आठवला. या दहा वर्षांत लहानूची छोटी मिल बंद पडली होती. सलग तीन ट्रक परत गेल्यावर त्याने मशीनच विकून टाकली. आता तो चंद्रपूरला वॉचमन होता. गावी आला की गुणवंतरावांच्या पाया पडत असे, इमानदार माणूस म्हणून.

“साहेब, हे लिहून द्या,” गुणवंतराव म्हणाले. “डोळा बदलला, माणूस नाई बदलला. मी त्या मिलवाल्यापासून काई घेतलो नाई, हे गावाले दाखवाचं हाये.”

डॉक्टरांनी शिबिराचा छापील कागद ओढला, लिहिलं, सही केली, शिक्का मारला. “तुम्हाला मी ओळखतो बाबा. यादीत तुमचं नाव पहिलं होतं. या बाबांचा डोळा आधी करा, असा खास निरोप होता.”

निरोप कोणाचा, हे विचारायची वेळ आली नाही. नवा डोळा चांगलाच बसला होता. कागदाच्या माथ्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘शिबिराचा संपूर्ण खर्च’, आणि त्यापुढे सुरेंद्रभाऊंच्या मिलचं नाव.

गुणवंतरावांनी कागदाची नीट घडी केली आणि तो टेबलावरून डॉक्टरांकडे सरकवला.

“साहेब, जुनं भिंग वापस बसवता येते का?”