गेंड्याला ऐकू फार येतं

"बांगड्या काढ," वसंत म्हणाला.

दशम्या लाटता लाटता शैलजाने मान वर केली. "आत्तापासून? काझिरंग्याला पोचायला तीन दिवस आहेत अहो."

"सवय हवी. गेंड्याला दिसतं कमी, पण कान आणि नाक तिखट. एक बांगडी वाजली की संपलं."

तिने बांगड्या काढून फडताळात ठेवल्या. हात ओकेबोके दिसले, पण तिने मनाला लावून घेतलं नाही. लग्नानंतर सुरतेबाहेर तिचा मोठा प्रवास एकच झाला होता. गेल्या वर्षी प्लेगची बोंब उठली तेव्हा पदर नाकाला लावून, उभ्याउभ्या गाडीने, माहेरी अकोल्याला. त्याला सहल म्हणायचं तर म्हणा. यंदा वसंतने बँकेची एलटीसी, म्हणजे सहलीचा प्रवासखर्च, काढली होती आणि थेट आसाम गाठायचं ठरवलं होतं. हत्तीवर बसून गेंडे बघायचे. शैलजाला रात्र रात्र झोप लागत नव्हती. एकच साडी तिने तीनदा पेटीत ठेवली आणि तीनदा बाहेर काढली.

वसंतची तयारी मात्र न्यारीच होती. रोज संध्याकाळी घरात तालीम. चपला काढायच्या, टाचा उचलून चालायचं, बोलायचं ते हातवाऱ्यांनी. त्यांची आठ वर्षांची नेहा हसता हसता खोकायची आणि वसंतचा चेहरा उतरायचा.

"पप्पा, गेंडा दिसला तर 'जो जो', 'बघ बघ' पण नाही म्हणायचं?"

"खोकायचंसुद्धा नाही. खोकलीस तर सगळं पाण्यात."

एका रविवारी, कॅमेऱ्यावर हात बसावा म्हणून, त्याने दोघींना बारडोलीला नेऊन उसात उभं केलं. डोक्यावरून उंच, दाट ऊस. "जरा घाबरल्यासारखं बघा," तो म्हणाला. शैलजाला हसू आवरेना.

कॅमेऱ्याचं वेड तेव्हा बँकेच्या सगळ्या कॉलनीलाच लागलं होतं म्हणायचं. त्याआधी डुमसच्या किनाऱ्यावर दांडेकरसाहेब भेटले, तेही बायकोला समुद्राकडे पाठ करून उभं करत होते. शैलजाने नमस्कार केला तर भलतीकडेच बघायला लागले.

दांडेकरसाहेब वसंतच्या शाखेचे मॅनेजर आणि राहायचेही त्याच्या डोक्यावरच, वरच्या मजल्यावर. पावती आली की उजेडाकडे धरून बघणारा माणूस. खोट्या बिलापायी किसन शिपायाला त्यांनी कायमचं घरी बसवलं होतं. शनिवारी ते आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई कन्याकुमारीला गेले. सगळ्या कॉलनीने हात हलवून निरोप दिला आणि तेव्हापासून वरच्या दाराला कुलूप होतं.

"तिकिटं दाखवा ना जरा," शैलजा म्हणाली.

"एजंटकडे आहेत. स्टेशनवर देणार आहे."

"आणि हे पिंपभर पाणी कशाला भरताय? आपण तर चाललो."

"आल्यावर नळाला पाणी नसलं म्हणजे?"

तिला ते पटलं नाही. पण शुभ कामात खोडा नको म्हणून ती पुन्हा दशम्यांकडे वळली.

सोमवारी दुपारी रिक्षा आली. शेजारच्या पुष्पाबेननी दारात येऊन निरोप दिला आणि फोटो काढायची आठवण केली, "आवजो, फोटा पाडजो." वसंतने पुढच्या दाराला मोठं कुलूप घातलं आणि दोनदा ओढून बघितलं.

रिक्षा स्टेशनकडे वळलीच नाही. गल्लीबोळांतून फिरून ती कॉलनीच्या मागच्या भिंतीशी येऊन थांबली. ऐन झोपेची वेळ. सुरतेत दुपारी दोनला कुत्रंही जागं नसतं. वसंतने तोंडावर बोट ठेवून मागचं दार उघडलं.

"काही राहिलं का?" शैलजाने विचारलं.

त्याने दोघींना आत घेतलं, कडी लावली आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. "राहिलं काही नाही. आठवडाभर इथंच राहायचं. खोटी बिलं एजंट देतो, उसातले फोटो आहेतच. घराच्या बुकिंगला पैसे कमी पडतायत, शैला."

"मला सांगायचं तरी."

"तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. अकोल्याला गेलो असतो, पण तुझा भाऊ आमच्याच बँकेत. आता बोलू नकोस. कळलं तर मीही किसनसारखा घरी बसेन."

शैलजाला राग आला. असा राग की कानशिलं तापली. आसाम राहू दे, गेंडा राहू दे, पण माणसाने बायकोला तरी फसवू नये. उसात उभं राहून आपण कशा हसलो ते आठवून तिचे डोळे भरून आले. समोर नेहा दोन्ही हात तोंडावर घट्ट धरून उभी होती. तिला वाटत होतं, अजून तालीमच चालली आहे.

शैलजाने दशम्यांचा स्टीलचा डबा उचलला. हा एकदा फरशीवर आपटला की भिंतीपलीकडून पुष्पाबेन धावत येतील, कुलूप बघतील, आणि संध्याकाळपर्यंत कॉलनीभर बोभाटा. होऊ दे. तिने डबा डोक्यापर्यंत नेला. वसंतने हात जोडले.

खणखणाट झाला. पातेलं पडावं, गडगडत जावं आणि कुणीतरी ते घाईने पायाने थांबवावं, तसा.

डबा शैलजाच्या हातातच होता. आवाज वरून आला होता, आणि त्याच्या पाठोपाठ आला कन्याकुमारीला गेलेल्या मालतीबाईंचा दबका स्वर, "अहो, हळू."