पट्ट्याचं तिसरं भोक

वायरमनने किल्ली फिरवली. ट्रॅक्टर मुकाच. साधं ‘टक्’सुद्धा नाही.

“काय रे बाबा, रुसलास का?” असं म्हणत तो खाली उतरला आणि पुन्हा इंजिनात डोकं खुपसून उभा राहिला.

गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर होता तो. जन्मभर लोकांच्या घरांत वायरी ओढून झाल्यावर त्याने तो भंगारातून उचलला आणि स्वतःच्या हाताने उभा केला. दर रविवारी ऐटीत त्यावर बसून घरामागचं आवार कापायचं, हा त्याचा थाट. मग आजारपण आलं. ट्रॅक्टर ताडपत्रीखाली गेला आणि गवत गुडघ्याला लागलं. अंथरुणावरून ते गवत बघत त्याने बायकोला बजावलं होतं, “ज्या दिवशी मी हे कापीन ना, त्या दिवशी मी बरा झालो म्हणून समज.”

आणि बरा तर तो होतच होता की! डॉक्टर हल्ली त्याच्याशी कमी आणि दाराबाहेर बायकोशी जास्त बोलायचे, पण ते असो. वजनकाटा बिघडला म्हणून बायकोने टाकून दिला होता, तेही असो. त्याचा पुरावा त्याच्या कमरेला होता. आजाराआधी पट्टा तिसऱ्या भोकावर बसायचा, आजही तिसऱ्याच भोकावर बसत होता. कुणी “उतरलात हो जरा” म्हणालं की हा लगेच सदरा वर करून दाखवायचा. “मोजा! तिसरं भोक!”

“दाजी, आज राहू द्या ना,” मेहुणा म्हणाला. बायकोचा हा धाकटा भाऊ अंगाने असा, की घरात सगळे त्याला ‘गोणी’ म्हणत. तो मदतीला आला होता, म्हणजे उलट्या बादलीवर बसून चहा पीत होता.

“तू बादली सांभाळ. बिचारीचा जीव जाईल,” वायरमन म्हणाला. “बिघाड वायरीत असेल तर माझ्या हातून सुटायचा नाही.”

बायको रिकामा कप न्यायला आली. तिच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. भाजी चिरताना सुरी लागली, असं सकाळी म्हणाली होती. ती ट्रॅक्टरकडे बघत क्षणभर थांबली आणि कप घेऊन आत गेली.

वायरमनने पहिल्यापासून सुरुवात केली. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा थर खरवडला. ट्रॅक्टरचा दिवा लावून पाहिला, तो लख्ख पेटला. म्हणजे बॅटरी ठणठणीत. फ्यूज शाबूत. अर्थची वायर घासून पुसून पुन्हा आवळली. ब्रेकखालचा स्विच चांगला. मग त्याने सीट उचलली. तिच्याखाली एक स्प्रिंग आणि एक स्विच असतो. सीटवर माणसाचं वजन नसेल तर ट्रॅक्टर सुरू होऊ नये, एवढंच त्याचं काम. त्याने तो तळहाताने दाबला आणि वायरीला जोडलेला तपासणीचा बल्ब लागला. तोही चांगला.

सगळं चांगलं, आणि ट्रॅक्टर मेल्यासारखा. त्याला धाप लागली होती. एवढ्याशा कामाने आधी कधी लागत नसे.

“गोण्या, ऊठ. वर बस आणि किल्ली फिरव. मी इथून वायरी बघतो.”

मेहुणा सीटवर टेकला, सीट करकरली. त्याने किल्ली फिरवली आणि ट्रॅक्टर धडधडून सुरू झाला. पहिल्या झटक्यात!

“अरे वा रे पठ्ठ्या!” वायरमन लहान पोरासारखा ओरडला. “उतर, उतर! आता मी.”

मेहुणा उतरेना. “दाजी, मीच कापतो ना. तुम्ही सावलीत बसा.”

“उतरतोस की ओढू?”

मेहुणा उठला तसं इंजिन बंद पडलं. वायरमन वर चढला, नीट बसला. किल्ली फिरवली. काही नाही. जरा उसळून पुन्हा बसला. काही नाही. दोन्ही हातांनी सीटच्या कडा धरून त्याने स्वतःला खाली ओढलं. अंगातला सगळा जोर लावला, तेव्हा कुठे स्टार्टर एकदा कण्हला. हात सुटले आणि तोही थांबला.

मेहुण्याने तोंड फिरवलं होतं. हुंदका दाबताना त्याचे खांदे हलत होते.

वायरमनचा हात आपोआप पट्ट्यावर गेला. भोक तिसरंच होतं. बोटं चाचपत बक्कलापाशी गेली. तिथे कातडं कापून आखूड केलेलं होतं आणि जाड दोऱ्याने पुन्हा शिवलेलं होतं. शिवण ताजी होती. एका टाक्यापाशी वाळलेल्या रक्ताचा ठिपका होता.

त्याला रडू आलं. आतल्या आत त्याने ते गिळलं, कारण इंजिनाचा आवाज ऐकून बायको धावत बाहेर आली होती.

“चालू झाला? तुम्ही केलात?” तिचा चेहरा कसाबसा हसत होता.

“सीटचा स्विच गेलाय गं,” तो खाली उतरत म्हणाला. “जुना माल, दुसरं काय. आजचा दिवस गोणी कापेल.”

“आणि तुम्ही? बरं आहे ना तुम्हाला?”

“मला काय धाड भरलीये?” त्याने सदरा वर केला. “मोज. तिसरं भोक.”

मग तिचा चिंधी बांधलेला अंगठा त्याने हळूच आपल्या मुठीत घेतला.

“फक्त सुरी जरा जपून धरत जा,” तो म्हणाला.