यंदाचा नैसर्गिक रंग

"ताई, तुमचे पांढरे केस हवेत मला," मॅडम म्हणाल्या. "उद्या सकाळपर्यंत."

ताईने हातातला झाडू भिंतीला टेकवला. सकाळपासून उभं राहून तिच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. शेवटचं गिऱ्हाईक आत्ताच गेलं होतं आणि दुपारनंतर सलून बंद ठेवायचं होतं, नव्या सीझनच्या तयारीसाठी. टेबलावर बांबूचे कंगवे मांडून ठेवले होते. खुंटीला न रंगवलेल्या सुताचे एप्रन. यंदा सगळं पर्यावरणपूरक, केससुद्धा. उद्या फोटोवाला येणार आणि दारावरच्या मोठ्या फोटोत ताई असणार.

"रंगाशिवायचे केस, हीच यंदाची फॅशन आहे. आणि आपल्याकडे खरेखुरे पांढरे केस तुमचेच."

खरं होतं. बारा वर्षांपूर्वी याच मॅडमनी तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, "पांढऱ्या डोक्याच्या बाईसमोर कोण बसेल हो?" तेव्हापासून दर तिसऱ्या आठवड्याला ताई डोकं काळं करत आली होती. रंग तिला सोसत नव्हता. कानांमागे आग व्हायची, दोन-दोन रात्री कुशीवर वळता यायचं नाही. पण तिने कधी हूं की चूं केलं नाही.

"काही महिने द्या," ती म्हणाली. "आपोआप उतरेल."

"तोवर सीझन संपेल. धाकटे, ब्लीच कालव."

धाकटी म्हणजे शेजारच्या खुर्चीवर काम करणारी. वय पंचवीस, केस कमरेपर्यंत, काळेभोर. तिने वाटीत पावडर कालवली. वासाने दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं. डबा जुनाच होता, त्यावर मॅडमनी हिरवं पान तेवढं चिकटवलं होतं.

पाऊण तासाने डोकं धुतलं, तर केस गंजलेल्या पत्र्यासारखे नारिंगी झालेले.

मॅडमनी आरशात पाहिलं. "अजून एक हात मारा. मग वरून रुपेरी रंग देऊ."

"पांढऱ्यावर पांढरा रंग?"

"फोटोत नैसर्गिक दिसायला नको?"

ताई हसली. हसण्यात जोर नव्हता. "मॅडम, हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत. आणि काळे कसे झाले, ते तर तुम्हालाच माहीत."

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला आणि त्या बोलत बोलत बाहेर गेल्या.

ताईच्या कानांमागे कुणी निखारे ठेवले होते जणू. "मशीन घे," ती धाकटीला म्हणाली. "अगदी बारीक कर."

"ताई! मॅडम माझा जीव घेतील."

"माझं नाव सांग. बारा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागतेय."

मशीन घरघरत फिरलं. नारिंगी झुपके मांडीवर, फरशीवर पडत गेले. शेवटचा रंग लावून तीन आठवडे होत आले होते. खाली उरले ते खरोखरच पांढरे होते, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढे, राखेसारखे मऊ. ताईने त्यांवरून तळवा फिरवला. डोक्यावरची भरली घागर कुणी उतरवून घ्यावी, तसं तिला झालं.

"घ्या नैसर्गिक," मॅडम आत आल्या तेव्हा ती म्हणाली.

मॅडम थबकल्या. मग जवळ येऊन त्यांनी ताईचं डोकं हलकेच वळवलं. कानांमागे, मानेवर, केसांच्या कडेकडेने डाग होते. काळपट, लालसर, जुन्यावर नवे.

"हे कधी झालं?" त्यांचा आवाज खरंच मऊ होता.

"दर तिसऱ्या आठवड्याला."

मॅडमनी पर्स उचलली. "फोटोत हे नाही चालणार. लोकांना वाटेल, आपण..." वाक्य तसंच राहिलं. त्यांची नजर धाकटीच्या कमरेपर्यंतच्या केसांवर गेली. "हिला बसवा. रुपेरी करून टाका. चेहरा तरुण आणि केस पिकलेले, उलट जास्तच उठून दिसेल."

धाकटीने आपले केस खांद्यावरून पुढे ओढून घेतले. नोकरीला सहा महिनेही झाले नव्हते. मॅडमच्या मागे काचेचं दार हळूहळू लागलं.

धाकटी खुर्चीत बसली. ताईने तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं, केसांचे भाग पाडले, क्लिपा लावल्या, नव्या वाटीत ब्लीच कालवलं. हातांना विचारावं लागत नव्हतं, ते आपले करत होते.

"नीट ऐक," ती म्हणाली. "जराशी आग झाली तरी लगेच सांगायचं. सोसायचं नाही."

"तुम्ही सांगितलंत कधी?"

ताईने हातमोजे काढले. मग एकेक करून सगळ्या क्लिपा काढल्या. काळे केस पाठीवर सुटले, तशी ती ते विंचरत राहिली, मुळापासून पार टोकापर्यंत, वाटीतलं ब्लीच फुगून, सुकून, त्याच्यावर पापुद्रा धरेपर्यंत.