साठ वॅटचा हात

मैदानाचा नियम साठ वॅटचा होता. कृत्रिम हाताने लढणाऱ्याचा हात त्याहून जोरकस निघाला, तर जिंकलेली कुस्तीही रद्द होई. वैजयंता मगदूमने चौथ्या मिनिटाला तिच्यासारख्याच कृत्रिम हाताच्या समोरचीला चितपट केले, तसे हरलेल्या मुलीचे गुरू हिंदुराव वस्ताद आखाड्यात उतरले.

"हिनं हात वाढवून आणलाय. एवढी ओढ साठात बसत न्हाई. मोजा!"

हलगी थांबली. पंच मुल्लांनी वैजयंताचा उजवा हात मीटरला जोडला आणि तिला पूर्ण जोराने मूठ आवळायला सांगितले.

"दाब बारा व्होल्ट," त्यांनी माइकवर वाचले. "प्रवाह तीन अँपिअर."

"मग गुणा की."

"बारा त्रिक छत्तीस वॅट."

हिंदुरावांनी पुन्हा मोजायला लावले. आकडे तेच आले.

"आता बाराला तिनानं भागा," मुल्ला म्हणाले. "रोध चार ओहम. नव्या हाताचा अडीचच्या आत असतो. पोरी, तुझ्या हातातल्या कृत्रिम स्नायूंच्या तारा झिजल्यात. कधीचा हात हा?"

"नऊ वर्षांचा. गुऱ्हाळात हात गेला, तवा बसवला त्योच."

"म्हणजे चोवीस वॅट कमी घेऊन लढलीस! ते कुठनं भरून काढलेस?"

"रोज हजार बैठका मारते," वैजयंता म्हणाली. "त्याला मीटर हाय का तुमच्याकडं?"

मैदान हसले. हिंदुरावांनी आपला फेटा उतरवला आणि तिच्या डोक्याला स्वतः बांधला. मग आपल्या पठ्ठीकडे वळून ते म्हणाले, "उद्यापासनं तुझाबी हात छत्तिसावर."